एकोणीस चिंचोके

चार मिनिटं बारा सेकंदांच्या गाण्यात एकोणीस वेळा. अंदाजपंचे सांगत नाही, चिंचोके टाकून मोजलंय. दुसऱ्या खेपेला बायकोला शेजारी बसवून तिच्याकडूनही मोजून घेतलं. तिचे अठराच भरले, कारण एकदा कुकरची शिट्टी झाली असं वाटून ती उठून गेली होती.

गाणं आमच्या समोरच्या घरातल्या पोराचं. सोयीसाठी त्याला डीजे अमुक म्हणू. लग्नसराईच्या तोंडावर त्याची आठ नवी गाणी 'रिलीज' झाली आहेत आणि "काका, तुम्ही पेपरात लिहिता, जरा ऐकून सांगा" म्हणून त्याने ती मला फोनवर पाठवली. आठही नवी. त्यातलं एक माझ्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलं होतं, एक माझ्या आईच्या लग्नात वाजलं असावं, आणि एक आजी जात्यावर बसली की म्हणायची. नवं म्हणजे नेमकं काय, हे मी विचारलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची आपली जुनीच रीत आहे. पूर्वी तुळशीपत्राखाली अठरा इंची बेस नसायचा, एवढंच.

आवाजाबद्दल मी बोलणार नाही. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हे २००० सालचे नियम सगळ्यांना पाठ आहेत आणि सगळ्यांना माफ आहेत. आमच्याकडे टेम्पोवर रचलेल्या त्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, आणि हे नाव मुळात टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राचं होतं, एवढं सांगून तो विषय मिटवतो. माझं भांडण आवाजाशी नाही. नावाशी आहे.

गाणं सुरू होतं ते गाण्याने होत नाही. आधी रॉकेट सुटल्यासारखं काहीतरी वर जातं, मग काच फुटते, आणि त्या फुटलेल्या काचेतून एक बाई येते. ही बाई परदेशातली असावी, कारण 'अमुक' हा तीन अक्षरी शब्द ती 'ॲऽम्यूऽऽक' असा उच्चारते. तिच्यामागे तीच बाई, अजून लांबून, 'म्यूक, म्यूक, म्यूक' म्हणत विहिरीत पडत जाते. अमुकने मला सांगितलं की असे आवाज नेटवर विकत मिळतात. तुम्ही नाव लिहून पाठवायचं, ती म्हणून पाठवते. याला 'ड्रॉप' किंवा 'टॅग' म्हणतात. गंभीर पुरुषी आवाज हवा असेल तर पैसे जास्त. अमुकने दोन्ही घेतलेत. त्यामुळे बाई विहिरीत पडली की एक बाप्या येतो आणि खर्जात तेच नाव सांगतो. बहुधा पंचनामा करायला.

मग गाणं. म्हणजे गाण्याची एक ओळ. नव्वदच्या लयीतलं गाणं एकशे अठ्ठावीसवर नेल्यामुळे मूळ गायिका आगगाडी पकडायला निघाल्यासारखी गाते. ती अर्ध्या ओळीवर येते, दम घेते, आणि त्या दम घेण्याच्या जागेत बाई पुन्हा येते. आमच्या जुन्या गायकांनी श्वासाच्या जागा किती विचार करून ठेवलेल्या असत. आता त्या भाड्याने दिलेल्या आहेत. नंतर 'बिल्डअप' सुरू होतो. ठोके जवळ जवळ येऊ लागतात, हात वर जातात, घोड्यावरच्या नवरदेवाचा फेटा थरथरतो, आणि बेस कोसळण्याच्या आधी एक क्षण सगळं गप्प होतं. हा क्षण म्हणजे या संगीताचा प्राण आहे, हे मी उपरोधाने म्हणत नाही. पाचशे माणसं एकदम श्वास रोखून उभी राहतात, असं आता देवळातही होत नाही. त्या क्षणात काय ऐकू यावं? शांतता. ऐकू काय येतं? ॲऽम्यूऽऽक.

हिशेब केला तर सव्वातेरा सेकंदांना एक वेळ पडतो. गेल्या महिन्यात एका हळदीला गेलो होतो. नवरीला बायकांनी "नाव घे, नाव घे" म्हणून पाऊण तास छळलं. ती लाजली, पदर सावरला, चांदीचं ताट, जाईजुईचा वेल वगैरे वाटेतली सगळी स्टेशनं घेत घेत अखेर तिने नवऱ्याचं नाव घेतलं. एकदा. पुन्हा घे म्हटलं तर नाही म्हणाली. त्याच मांडवात त्याच रात्री डीजे अमुकचं नाव, मी जेवून निघेपर्यंतचं धरलं तर, दोनशेच्या वर घेतलं गेलं, तेही विना उखाणा. मुलीकडची एक पणजीबाई होती, ऐकू कमी येणारी. तिने दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना नवऱ्यामुलाला आशीर्वाद दिला तो "सुखाचा संसार कर रे अमुकराव" असा. तिचं काय चुकलं? रात्रभर ज्याचं नाव पुकारत होते तोच नवरा, असाच तिचा समज होणार. आणि मी म्हणतो, खर्चाच्या मानाने बघितलं तर समज बरोबरच होता. भटजींची दक्षिणा, आचाऱ्याची बिदागी आणि मांडववाल्याचं बिल एकत्र केलं तरी डीजेच्या निम्म्याने भरत नाही; मग मंगलाष्टकांत भटजींनी दर कडव्यानंतर आपलं नाव का घालू नये? आचाऱ्याने प्रत्येक जिलबीत आपलं आद्याक्षर का काढू नये? जिलबीत तर सोयही आहे. मांडववाल्याने निदान खुर्च्यांच्या पाठीवर नाव रंगवलेलं असतं, पण त्या खुर्च्या त्याच्या असतात.

इथेच घोडं पेंड खातं. खुर्च्या त्याच्या असतात. माझ्या आईला भांड्यांवर नाव घालून घ्यायचा नाद होता. बाजारात तो यंत्रवाला बसायचा, त्याच्यापुढे ती पातेल्यापासून चमच्यापर्यंत सगळं मांडायची, आणि तो टर्र टर्र करत वडिलांचं नाव, आडनाव, तारीख ठिपक्यांत कोरायचा. आमच्या घरी चहा गाळण्यावरसुद्धा नाव होतं. पण शेजारणीचं पातेलं वाटणासकट चुकून घरी राहिलं, तर आईने कधी ते यंत्रवाल्याकडे नेलं नाही. डीजे अमुक नेमकं तेच करतो. पातेलं दुसऱ्याचं, आतली आमटी दुसऱ्याची, ढवळणारा हात दुसऱ्याचा, आणि नाव टर्र टर्र एकोणीस ठिकाणी.

आपल्याकडे नाव घालायची रीत नाही असं कुणी म्हणू नये. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'अमुक म्हणे' येतंच, पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं गाव आणि गुरू सांगतोच. पण शेवटी, आणि एकदा. आधी काम, मग सही. १९०२ च्या सुमाराला हिंदुस्थानात तबकड्या निघू लागल्या तेव्हा गायिका गाणं संपवून इंग्रजीत आपलं नाव पुकारत. त्यालाही कारण होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तिथल्या कारागिरांना कुठलं गाणं कुणाचं हे कळायचं कसं? म्हणून ती हाक. इथे समोरच्या घरातला अमुक माझ्या दिवाणखान्यात माझ्या समोर बसून मला आपलं नाव हॅनोव्हरला कळवत होता.

"काका, ही हिपहॉपची परंपरा आहे," तो म्हणाला. पोराने अभ्यास केलेला आहे, हे कबूल. १९७३ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हे सगळं सुरू झालं. तबकडीतला नुसत्या ढोलांचा तुकडा दोन यंत्रांवर आलटून पालटून लांबवायचा, आणि माइक घेतलेला माणूस वर बोलत राहायचा. पण तो सुरुवातीला नावं कुणाची पुकारायचा? समोर नाचणाऱ्यांची. अमका आला, तमकी आली, या बसा. म्हणजे आमच्या मांडवातल्या "पाहुण्यांचं स्वागत असो"चाच तो मावसभाऊ. पुढे कॅसेटी फिरू लागल्या, एकाची कॅसेट दुसरा आपली म्हणून विकू लागला, तेव्हा डीजे मंडळी गाण्यावर मध्ये मध्ये ओरडू लागली, की चोराला ती वापरता येऊ नये. नाव हे कुलूप होतं. मी अमुकला विचारलं, तुझं गाणं कोण चोरतो? तो उसळला. "कोण म्हणजे? पलीकडच्या तालुक्यातला तमुक! माझं मिक्स जसंच्या तसं उचलतो, टॅग खोडतो आणि स्वतःचं टाकतो. कष्ट असतात हो काका. मेहनतीची चोरी आहे ही." चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ती एकशे अठ्ठावीसच्या लयीत, प्रतिध्वनीसकट, पहिल्यांदाच ऐकली.

आठांतलं एक गाणं रॅपचं होतं. त्यात अमुकचा मित्र सव्वातीन मिनिटं आपण आलो आहोत असं सांगतो. आलास तर बस बाबा, चहा घे, काय काम होतं सांग. शेवटपर्यंत काम सांगत नाही.

आता कायदा. कंटाळवाणा आहे, पण मला चीड आलेली आहे तेव्हा वाचावा लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पूर्वी अशी सोय होती की रेकॉर्ड निघाल्यावर दोन वर्षं गेली, की तेच गाणं नोटीस आणि ठरलेली रॉयल्टी देऊन दुसऱ्या आवाजात काढता येई. त्या फटीतून रिमिक्सची एक लाट येऊन गेली, आठवत असेल. २०१२ च्या दुरुस्तीत त्या दोनाची पाच वर्षं झाली. याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, ३८-बी. वाजवणाऱ्याला, गाणाऱ्याला, आपलं सादरीकरण आपल्या नावाने ओळखलं जावं असा हक्क त्याने दिला. फक्त वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळणं भाग पडत असेल तर गोष्ट वेगळी. वा! चार मिनिटं बारा सेकंदांत नाव घालायला जागा नव्हती, असं आता कोण कुणाला सांगणार? जागा एकोणीस होत्या. सगळ्या बुक होत्या.

कारण त्या गाण्याचं नाव 'हलगी मिक्स' आहे. हलगीच्या जिवावर ते उभं आहे. तिची कडकड सुरू झाली की माझाही पाय हलला, खोटं का बोला. मी विचारलं, "हलगी कुणी वाजवलीय?"

"पॅकमधली आहे."

नेटवर असे पॅक फुकट मिळतात. ढोल, ताशा, संबळ, हलगी, तुतारी, सगळं सुटं सुटं, हार्डवेअरच्या दुकानात खिळे मिळतात तसं. त्याने फोल्डर उघडून दाखवला. हलगी झिरो वन. हलगी झिरो टू. आपली झिरो थ्री. त्याच गाण्यातला पोटात गुद्दा मारणारा बेस कुठला, तेही विचारलं. तिथे पोराचे डोळे चमकले. ते ८०८ चं. १९८० साली जपानात निघालेलं तालयंत्र. बाजारात आपटलं, १९८३ मध्ये बंद पडलं, मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि हिपहॉपवाल्या पोरांनी उचललं. सगळा इतिहास तोंडपाठ. बंद पडलेल्या यंत्राची जन्मकुंडली याला ठाऊक, आणि ज्याच्या मनगटावर गाणं उभं आहे तो झिरो थ्री! अरे, यंत्राला नंबर असतो ते ठीक, माणसाला नंबर तुरुंगात असतो.

एवढं बोलून मी तावातावाने गावी गेलो. आमच्या गावात एक हलगीवाला आहे. पूर्वी एकही वरात त्याच्याशिवाय निघत नसे. आता टेम्पो आला की तो पारावर सरकून वाट देतो. सगळे त्याला आबा म्हणतात. पूर्ण नाव काय, हे मला सांगता येईना. चाळीस वर्षं त्याच्या तालावर नाचलो, माझ्या वरातीपुढेही तोच होता. कधी विचारलं नाही. अमुकला शिव्या देऊन झाल्यावर हे लिहिणं जड जातंय, पण तसंच आहे.

"आबा, तुमचं पूर्ण नाव काय?"

"का? केस झाली काय?"

केस नाही म्हटलं, आणि फोनवर गाणं लावलं. बाई विहिरीत पडली, बाप्या पंचनामा करून गेला, गायिकेची आगगाडी सुटली, आणि हलगी सुरू झाली. आबाने फोन कानाला लावला, मान कलती केली.

"कातडं सैल हाय."

"म्हणजे?"

"म्हसोबाच्या जत्रंला पाऊस आल्ता बघा. लाकडं वली, जाळ धरंना. शेकायला गावलीच न्हाई त्या दिशी हलगी. तशीच वाजीवली. ऐका, तिसऱ्या काडीला फद्द करती." त्याने बोटाने पारावर ठोका दाखवला. मी नीट ऐकलं. करत होती. "एक शेरातलं पोरगं आल्तं, फोन धरून हुबं ऱ्हायलं व्हतं म्होरं. चा पाजला त्यानं."

खरं-खोटं तो जाणे आणि म्हसोबा जाणे. पण तिसरी काडी फद्द करत होती.

"म्हणजे ही हलगी तुमची?"

"मग कुनाची?" आबा म्हणाला. फोन परत देता देता त्याला माझा पहिला प्रश्न आठवला असावा. पारावर जरा सावरून बसला, आणि शाळेत हजेरी द्यावी तसं त्याने स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव सांगितलं. नेमका तेव्हा बिल्डअप संपला होता.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"ॲऽम्यूऽऽक," फोनमधली बाई म्हणाली.