थेट प्रक्षेपण

परदेशात शिकणाऱ्या मुलांची सहल कुठेही निघो, बसमध्ये एक प्रक्षेपक असतोच. विद्यापीठाच्या यादीत त्याचं नाव एकट्याचं असतं, पण तो सगळं घर बरोबर घेऊन येतो. घर साताऱ्यात हॉलमध्ये बसलेलं असतं. बर्मिंगहॅमहून निघालेली बस स्ट्रॅटफर्डला सकाळी अकराला पोचते, तेव्हा उन्हाळ्यात तिकडे साडेतीन झालेले असतात. दुपारची झोप उरकलेली, चहा उकळायला ठेवलेला. प्रक्षेपणाला याहून चांगला मुहूर्त नाही.

दिग्दर्शन आईकडे असतं. "मागे सरक. अजून. ती गोरी मुलगी कोण रे तुझ्या शेजारी?" प्रक्षेपक मागे सरकत सरकत हेन्ली स्ट्रीटवरच्या जपानी पर्यटकांच्या अंगावर जातो, "सॉरी" म्हणतो, आणि त्यांनाही दाखवतो.

"हे कुणाचं घर म्हणालास?" आजी विचारतात.

"शेक्सपिअरचं. १५६४ चा जन्म."

"नटसम्राटवाला?"

"ते शिरवाडकर, आजी. त्यात याच्या किंग लिअरची छाया आहे."

"मग तोच की."

प्रक्षेपक स्वतः काही बघत नाही. तो फक्त पडद्यातली चौकट सरळ आहे ना, एवढंच बघतो. गाइडबाई सांगतात ते तो मराठीत पुढे पाठवतो, आणि खरी गंमत तिथून सुरू होते. शेक्सपिअरचे वडील हातमोजे करायचे, आणि १५५२ साली याच रस्त्यावर उकिरडा केला म्हणून त्यांना दंड झाला होता, हे ऐकून नगरपालिकेतून निवृत्त झालेले बाबा पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसतात. "पावती फाडली होती का?"

पुढे न्यू प्लेस. शेक्सपिअरनं विकत घेतलेलं मोठं घर. आज तिथं नुसती बाग. गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्यानं ते १७५९ मध्ये पाडलं. बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणतात, "घरपट्टीचा वाद असणार." प्रक्षेपक संकोचत विचारतो. गाइडबाई थबकतात. वाद कराचाच होता. बघ्यांच्या त्रासाला कंटाळून त्यानं अंगणातलं तुतीचं झाड आधीच तोडलं होतं. "बघे" म्हणताना बाई प्रक्षेपकाच्या फोनकडे का बघतात, ते त्याला कळत नाही.

शॉटरीला अॅन हॅथवेचं, म्हणजे शेक्सपिअरच्या बायकोचं, माहेर लागतं. गवतानं शाकारलेलं छप्पर बघून आत्या हळहळतात. त्यांच्या गावचं असंच घर पाडून त्यांनीच स्लॅब टाकलाय. लग्न नोव्हेंबर १५८२ मध्ये, मुलगा अठरा वर्षांचा, मुलगी सव्वीसची. पहिल्या लेकीचा बाप्तिस्मा मे १५८३ मध्ये. साताऱ्यात शांतता पसरते. आजी बोटांवर मोजत असतात.

"सहाच महिने," त्या जाहीर करतात. आई घाईघाईनं विषय बदलते आणि जेवलास का विचारते.

मृत्युपत्रात बायकोच्या नावावर फक्त दुसऱ्या नंबरचा पलंग ठेवला, हे ऐकून आमची अख्खी बस हसली. आजी हसल्या नाहीत. "चांगला पलंग पाहुण्यांचा असतो रे. दुसरा नवराबायकोचा." गाइडबाईंच्या माहितीनुसार पुष्कळ अभ्यासकांचंही हेच म्हणणं आहे. आम्ही इंग्रजी साहित्यात एम.ए. करणारी मंडळी तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला लागलो.

होली ट्रिनिटी चर्चमध्ये, थेट शेक्सपिअरच्या समाधीसमोर, बॅटरी संपली. माझी हाडं हलवणाऱ्याला शाप, असं त्या दगडावर कोरलेलं आहे. प्रक्षेपक फोन हातात धरून नुसता उभा. समाधी पुढ्यात होती, पण ती आता कुणाला दाखवायची, हेच त्याला सुचेना. शापावर आजींचं मत काय पडलं असतं, हे आम्हाला कळलं नाही ते नाहीच.

तेव्हा विनंती एवढीच: तुमच्या बसमध्ये असा कुणी असेल तर त्याच्यावर वैतागू नका. त्याच्या शेजारची जागा धरा, आणि जवळ एक भरलेली पॉवर बँक ठेवा.