हाँगकाँग अर्धा दिवस

डिसेंबर संपत आला की आमच्या दाजींची भाषा बदलते. एरवी "आमटीत मीठ कमी आहे" याच्या पलीकडे न जाणारा हा माणूस नाताळच्या सुमारास अर्थविषयक पानासारखा बोलायला लागतो. परवा सकाळी सोलापूरच्या साखर पेठेत त्यांच्याकडे गेलो. ताईनं दही, शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढ्यात ठेवली. मी रीतीप्रमाणे विचारलं, "काय दाजी, तब्येत कशी आहे?"

"संमिश्र," दाजी म्हणाले.

"म्हणजे एक गुडघा दुखतोय, दुसरा नाही," ताईनं आतून खुलासा केला.

दाजी निवृत्त झाल्यावर लेकानं त्यांना डिमॅट खातं काढून दिलं. तेव्हापासून ते पहाटे साडेपाचला उठतात, कारण त्या वेळी टोकियोचा बाजार उघडतो. ज्या गावातून दाते पंचांग निघतं, त्या गावातल्या या घरात भिंतीवर पंचांगाच्या शेजारी दाजींनी स्वतःच्या हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलाय. त्यावर आशिया खंडाच्या सुट्ट्या आहेत. हाँगकाँग 24 आणि 31 डिसेंबरला अर्धा दिवस, 25 आणि 26 ला पूर्ण बंद. टोकियो 30 ला शेवटचा दिवस, मग 3 जानेवारीपर्यंत कुलूप. शांघायला नाताळ नाही, तिथं 25 ला चालू. मुंबईला 25 ची सुट्टी, पण 31 आणि 1 ला वार सुट्टीचा नसेल तर नेहमीसारखं सव्वानऊला सुरू. संकष्टी कधी आहे हे ताई पंचांगात बघते, आणि शेजारचा कागद बघून दाजी सांगतात की त्या दिवशी सिंगापूरला काही नाही.

या आठवड्यात जगभरचे बडे गुंतवणूकदार बर्फात घसरायला गेलेले असतात. बाजारात काही घडत नाही. पण वर्तमानपत्रातला चौकोन रोज तेवढाच असतो आणि तो भरावा लागतो. मग बाजार वाढला तर 'वर्षअखेरच्या खरेदीचा उत्साह', पडला तर 'वर्षअखेरची नफावसुली', आणि जागचा हलला नाही तर 'सुट्ट्यांच्या पार्श्वभूमीवर सावध पवित्रा'. तिन्ही वाक्यं नोव्हेंबरातच जुळवून ठेवत असावेत असा माझा संशय आहे; आयत्या वेळी फक्त आकडा बसवायचा. माझ्या आत्याकडे एक बाई यायच्या, देव अंगात आणणाऱ्या. त्याही असंच करायच्या. मूल पास झालं तर देवाची कृपा, नापास झालं तर देवाचं काही राहिलं असेल. त्यांना फक्त 'जागतिक संकेत' हा शब्द ठाऊक नव्हता.

आणि वर्षअखेर म्हणजे तरी नेमकी कुठली? आपल्या शेअर बाजाराचं नवं संवत दिवाळीत मुहूर्ताच्या सौद्यांनी सुरू होतं. मुंबईला ही प्रथा 1957 पासूनची. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. त्यात ही 31 डिसेंबरची तिसरी वर्षअखेर. तिन्ही वेळा दाजी नवे संकल्प करतात आणि तिन्ही वेळा ताईकडून पैसे घेतात.

या दिवसांतला सगळ्यात लाडका देव म्हणजे सांताक्लॉज. येल हिर्श नावाच्या अमेरिकी अभ्यासकानं 1972 मध्ये मांडलं की वर्षाचे शेवटचे पाच आणि नव्या वर्षाचे पहिले दोन दिवस बाजार बहुधा वर जातो. त्याला नाव पडलं सांता रॅली. तेव्हापासून दर डिसेंबरला तज्ज्ञ मंडळी सांता येणार की नाही यावर चर्चा करतात. जपानमध्ये सांता एकदा जोरात येऊन गेला होता. 29 डिसेंबर 1989 ला, त्या वर्षीच्या सौद्यांच्या शेवटच्या दिवशी, निक्केई निर्देशांक 38,915 वर बंद झाला. सगळीकडे आनंदीआनंद. त्यानंतर तो आकडा पुन्हा ओलांडायला 22 फेब्रुवारी 2024 उजाडली. चौतीस वर्षं! त्या दिवशी टोकियोत ज्यानं शेअर घेतला त्याचा नातू नोकरीला लागला असेल.

आमच्याकडचा सांता दिल्लीहून येतो. 2023 च्या 7 डिसेंबरला तो आला, लाल कांद्याची आवक भरात असताना, आणि त्यानं पिशवीतून कांदा निर्यातबंदी काढली. मुदत 31 मार्चपर्यंत म्हणाला. उठवली 4 मे ला. तिकडचा सांता मोज्यात काहीतरी ठेवून जातो. आमच्यानं मोजा नेला. त्याआधी 2021 च्या 20 डिसेंबरलाही एक भेट आली होती: सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद. ते वर्षभरासाठी होते. मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. डिसेंबरात शेतमालाला सुट्टी देण्याची ही पद्धत टोकियोलाही जमलेली नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमचे मामा मोहोळ तालुक्यात कांदा लावतात. एका वर्षी 30 डिसेंबरच्या संध्याकाळी त्यांनी दाजींना फोन केला. मामांच्या हिशेबी दाजी म्हणजे शहरात राहणारा, पेपर वाचणारा, बाजारातलं कळणारा माणूस.

"दाजी, उद्या मार्केट चालू हाय का?"

दाजींनी भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. "चालू आहे की. टोकियो बंद, हाँगकाँग अर्धा दिवस. आपलं पूर्ण दिवस."

हाँगकाँगचं काय ते मामांना कळलं नाही, पण 'पूर्ण दिवस' कळलं. त्यांनी रातोरात तीसेक पिशव्या पिकअपमध्ये भरल्या आणि पहाटे बाजार समितीच्या यार्डाच्या फाटकाशी हजर झाले. त्या दिवशी लिलाव नव्हते. चूक यार्डाची नव्हती. तशी सूचना दोन दिवस आधीपासून लागलेली होती. ती वाचली नव्हती फक्त आम्ही, कारण आम्ही हाँगकाँगची वाचत होतो.

मामांनी फाटकातूनच फोन लावला. दाजी अंथरुणातून उठून, स्वेटर चढवून, अतिशय शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. होल्ड करा."

हा सल्ला रिलायन्सच्या शेअरला ठीक आहे. खरिपाचा लाल कांदा होल्ड होत नाही. त्यात पाणी जास्त असतं. उन्हाळी कांद्यासारखा चाळीत टाकून चार महिने वाट बघता येत नाही. काढला की विकायचा, नाहीतर सडलेला मोजायचा. दोन दिवस पिकअप दाजींच्या दारात उभी राहिली. पेठभर वास. भाड्याचं मीटर वेगळं चालू. दुसऱ्या दिवशी काही कांद्यांना हिरवे कोंब दिसले तेव्हा दाजी म्हणाले, "बघा, वाढ आहे." ताईनं त्यांना चहा दिला नाही.

लिलाव सुरू झाले त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो. दाजी मफलर गुंडाळून, आयुष्यात पहिल्यांदा यार्डात. पेपरात वर्षअखेरचे व्यवहार 'विरळ' असतात. इथं रात्रीपासून गाड्यांची रांग लागलेली, हमालांच्या पाठीवरून पिशव्या उतरतायत, आणि दोन पिशव्यांमधून चालायला वाट नाही. खरेदीदारांचा घोळका पिशव्यांवर पाय ठेवतच पुढे सरकत होता. एकानं मामांच्या वकलातली एक पिशवी ओढली, सुतळी सोडली, चार कांदे खाली ओतले. एक उचलून अंगठ्यानं पापुद्रा काढला, कोंब आलेला एक बाजूला टाकला, आणि भाव बोलला. दुसऱ्यानं त्यावर थोडं चढवलं. तिसरा गप्प राहिला. संपलं. चार महिन्यांचं पीक, रोपापासून पाण्यापर्यंत, आणि भाव ठरायला शेंगाचटणीचा घास तोंडात घोळवण्याएवढाही वेळ लागला नाही. मामा खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन उभे होते. काही बोलले नाहीत.

दाजींना मात्र राहवेना. त्यांनी आडत्याला गाठलं आणि वाहिनीवरच्या निवेदकाच्या सुरात विचारलं, "आज बाजार पडण्यामागची प्रमुख कारणं काय?"

आडत्या वही लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "आवक जास्त."

दाजी थांबले. पुढं काहीतरी येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. डॉलरचं काही? जपानच्या व्याजदराचं? आडत्यानं पान उलटलं आणि म्हणाला, "काय बघूलालाव काका? बाजूला व्हा, पिशव्या येऊलाल्यात."

घरी येताना दाजी फार उदास होते. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा खरं कारण ऐकायला मिळालं होतं, आणि ते दोन शब्दांचं निघालं.

जगाचे संकेत सोलापूरला पोचत नाहीत असं मात्र नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचा आयातकर 50 टक्क्यांवर नेला, तेव्हा आमच्या टेरी टॉवेलवाल्यांना तो संकेत दुसऱ्याच दिवशी समजला. त्यासाठी पहाटे उठावं लागलं नाही.

उलट काही संकेत आमच्याकडून जगाला जायला हवे होते. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत खनिज तेलाचा वायदा उणे 37 डॉलरवर गेला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. जगातले अर्थतज्ज्ञ थक्क झाले. किंमत शून्याखाली? दाजींनी मला मध्यरात्री फोन करून उठवलं. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "व्हय, उलटी पट्टी." माल विकून भाडं, हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याकडूनच देणं निघतं, त्याला आमच्याकडे हा शब्द आहे आणि तो शोधायला कुणी परिषद भरवली नव्हती.

पट्टी सुलटी निघाली तरी काय? फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं 512 किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. सगळा खर्च वजा जाऊन हाती राहिले 2 रुपये 49 पैसे. चेक मिळाला 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. दाजींनी ती बातमी वाचली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे कांद्यातही वायदा सुरू झाला म्हणायचा."

मामांची त्या दिवशीची पट्टी किती आली ते मी इथं लिहीत नाही. त्यांनी ती चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि कुणालाच दाखवली नाही. एवढं खरं की मोहोळला परत जाताना त्यांनी नातवासाठी गड्ड्याच्या जत्रेचे पैसे ताईकडे दिले आणि सांगितलं, संक्रांतीला पोरगं आलं की त्याला पाळण्यात बसव.

दाजींनी भिंतीवरचा कागद काढलेला नाही. फक्त त्याच्या तळाशी, शांघायच्या खाली, आता आडत्याचा फोन नंबर आहे.

तेव्हा कांदेवाल्या वाचकांनो, गाडी भरण्याआधी लिलाव चालू आहेत का ते आपापल्या आडत्याला विचारा. दाजींना विचारू नका.