नऊपैकी नऊ

कांदिवली पूर्वेला लष्कराच्या आयुध भांडाराची भिंत लागते. भिंतीच्या अलीकडे धक्काबुक्की, पलीकडे शिस्त, असा उपनगरांचा समज. तो अर्धाच खरा. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेची 13 वर्षे भरली की मिळते, म्हणजे बोरिवली स्लोच. पुढे कर्नल व्हायला मात्र निवड मंडळ, आणि तिथे सकाळच्या चर्चगेट फास्टसारखी दारात पाय टेकण्यापुरती जागा. मग सल्ला येतो: निकालाची वाट पाहताना रेकॉर्ड भक्कम ठेवा. पण हे रेकॉर्ड लिहितो कोण? साहेब, वार्षिक गोपनीय अहवालात. गुण नऊपैकी. त्यात पहिल्या साहेबाचा शेरा दाखवतात, त्याच्या वरच्यांचा नाही. 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवायला सांगितले. लष्करी अधिकारी तेवढे वगळले. अंधेरीच्या कचेरीतल्या कारकुनाला आपला अहवाल पूर्ण कळतो, रणगाडे सांभाळणाऱ्याला अर्धाच.

कोणी म्हणेल, सुळका अरुंदच असतो, आणि शेरे उघड झाले तर साहेब खरे लिहिणार नाहीत. पहिले मान्य. दुसऱ्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्याच मार्च 2021 च्या नितीशा निकालात आहे. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना तेव्हा कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळणारच नव्हते, म्हणून त्यांचे अहवाल उरकून टाकले गेले. पुढे कायम कमिशनसाठी पारख झाली ती त्याच अहवालांवर. म्हणजे झाकल्या कागदावरही खरे उतरतेच असे नाही. मग भक्कम रेकॉर्डची तयारी म्हणजे नेमके काय करायचे, साहेबांच्या पेनात शाई भरून ठेवायची?