आग मानेत, बंब मनगटावर

ज्या मनुष्याची मान सकाळी कचेरीत खाली जाते ती सायंकाळी दिवे मालवतानाच वर येते, त्याला कर्तव्यदक्ष म्हणण्याचा प्रघात कारकुनीइतकाच पुरातन असावा. आणि दौतीची जागा माऊसने घेतली तरी या सद्गुणाची प्रतिष्ठा तिळमात्र उणावलेली नाही. मीही त्याचा निष्ठावान उपासक असल्यामुळे, माझा उजवा अंगठा बधिर होऊ लागला, तर्जनीला मुंग्या येऊ लागल्या आणि चहाचा कप हातातून निसटू लागला, तेव्हा संशय हातावरच गेला. मनगटाला पट्टा चढला, तेलाचे मर्दन झाले, निरपराध माऊसची तडकाफडकी बदली झाली. बधिरपणा मात्र आपल्या जागी कायम राहिला.

अखेरीस एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी चौकशीची सूत्रे हाती घेतली आणि थेट मानेवर बोट ठेवले. हात हा केवळ गावपातळीवरचा अंमलदार असून त्याचे सर्व हुकूम मानेच्या सदरकचेरीतून सुटतात, हे मला तेव्हा उमगले. मानेतून निघालेल्या मज्जातंतूंचे जाळे हासळीखालून व पहिल्या बरगडीवरून दंडात उतरते. त्यांपैकी सहाव्याचा अंमल अंगठ्याकडे, सातव्याचा मधल्या बोटावर, आठव्याचा करंगळीवर. सुमारे 5 किलोचे मस्तक पडद्याकडे झुकले की मानेवरचा भार वाढतो. 60 अंशांच्या कलाला तो सुमारे 27 किलोंपर्यंत जातो, असा अंदाज केनेथ हंसराज या शल्यविशारदांनी 2014 मध्ये वर्तवला. एवढ्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे राबणाऱ्या मानेत एखादा मज्जातंतू दबला, तर बोटांपर्यंत फर्मान धड पोहोचत नाही आणि बोटांची तक्रारही वर धड जात नाही. त्यातून, मानेत गांजलेला मज्जातंतू मनगटातल्या किरकोळ दाबानेही हवालदिल होतो, असा तर्क अप्टन व मॅकोमस यांनी 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला होता. वरिष्ठ कचेरीत नाडलेल्या अर्जदाराला चावडीवरचा शिपाईही दरडावतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला हा तर्क सहज पटावा.

मनगट सदैव निर्दोष असते असे नव्हे. पण त्याला शिक्षा फर्मावण्यापूर्वी मानेची जबानी घ्यावी, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी आणि अधूनमधून खुर्ची सोडून उठावे. वरिष्ठांपुढे मान किती लववावी हे ज्याचे त्याने आपल्या बढतीकडे पाहून ठरवावे. संगणक मात्र कोणालाही बढती देत नाही, तेव्हा त्याच्यापुढे ती ताठच असू द्यावी.