पासवर्ड साहेबांचा, डेटा स्क्रू-ड्रायव्हरचा

सुप्याच्या एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी खास क्षेत्र राखलेले आहे; पण शेजारच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपचा जुना हिशेब विंडोज एक्सपीच्या धुळकट डब्यातच असतो आणि पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या डोक्यात. मालक हवालदिल! वास्तविक एक्सपीचा पासवर्ड ही नुसती कडी. सेफ मोडमध्ये दडलेले अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते पुष्कळदा पासवर्डविनाच उघडते. नाहीच उघडले, तर चार स्क्रू काढून हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुतेक फायली वाचता येतात. मालकाला दिलासा मिळतो खरा, पण तोच दिलासा भंगारवाल्यालाही मिळतो, हे कोणी बोलत नाही. मायक्रोसॉफ्टने तर एक्सपीवरून ८ एप्रिल २०१४ लाच हात काढून घेतला.

‘मग कुलूपच पक्के लावा ना,’ असे कोणी म्हणेल. जरूर लावा. मात्र टॅली व्हॉल्टचा पासवर्ड विसरलात, तर टॅलीवालेही तो परत देऊ शकत नाहीत; आणि पासवर्डपाठोपाठ बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी कीही हरवली, तर चोर आणि मालक दोघांना एकच न्याय. तेव्हा मालकहो, पासवर्ड कागदावर लिहा आणि तिजोरीत ठेवा. मॉनिटरला चिकटवू नका.