'ओरिजनल' आणा

आबांच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स चकलांब्याच्या चौकात लावायचं ठरलं आणि गेवराईच्या फ्लेक्सवाल्यानं घोडं अडवलं. फॅमिली ग्रुपवरून कापून घेतलेला आबांचा चेहरा त्याला पाठवला होता. "व्हॉट्सअ‍ॅपचा चालत नाय. फुटतोय. ओरिजनल आणा." खरंच होतं ते. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून बारीक करतं. एमबीत निघालेला केबीत पोचतो. मोबाइलवर झकास दिसतो, फ्लेक्सवर आबांच्या मिशीचे चौकोन होतात.

नवा फोटो काढू म्हटलं तर आबा तयार नाहीत. "लग्नातलाच लाव." ताईच्या लग्नात फेटा होता, आणि मुख्य म्हणजे मिशा काळ्या होत्या.

लग्न 2012चं. फोटो कॉम्प्युटरात 'कुठंतरी' आहेत, यावर घरात कधी नव्हे ते एकमत झालं. 'ताईचं लग्न' हे फोल्डर उघडलं, तर आत सातबारे आणि पीकविम्याच्या पावत्या. तारखेवरून शोधावं, तर कॅमेऱ्यात तारीख कुणी लावलीच नव्हती. त्याच्या हिशेबानं ताईचं लग्न 1 जानेवारी 2008ला झालं. तेव्हा ती दहावीत होती. शेवटी सर्चमध्ये कॅमेऱ्यानं फोटोंच्या नावाला लावलेलं 'डीएससी' टाकलं आणि 'न्यू फोल्डर (3)'मधून अख्खं वऱ्हाड बाहेर आलं. तेवढ्यात लाईट गेली, ती जेवणं उरकल्यावर आली.

फोटो सापडला, पण आबांचा फेटा अर्धाच! आमच्या दादानं त्या काळी पिकासा या फोटोंच्या सॉफ्टवेअरात स्वतःला मधोमध घेऊन बाकीची मंडळी छाटली होती. पिकासा गूगलनं 2016 साली बंद केलं, पण त्याची एक सवय फार भली. फोटो कापून सेव्ह केला की मूळ प्रत ते 'पिकासाओरिजनल्स' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात गुपचूप ठेवून द्यायचं. व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स'वर टिक केली, आणि फोल्डर फिकट रंगात उगवलं.

आबा सगळे होते. शिवाय त्यांच्या खांद्यावर हात टाकून, तोंडभर हसत, शेजारच्या शेताचे तात्या. बांधावरून तहसीलला तारखा सुरू आहेत ते.

आबा चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.

"कापू का?" मी विचारलं.

"आता कामून कापतो? ऱ्हाऊ दे फोटोत," आबा म्हणाले. "खाली शुभेच्छुकात नाव टाकू नको, म्हंजे झालं."