आता बारी कुणाची?

दोन मुलींना घेऊन घराबाहेर पडायचं तर आधी वाटाघाटी उरकाव्या लागतात. आमच्याकडे त्या उंबऱ्याच्या आतच होतात. रस्त्यावर आलं की बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातले निम्मे शेजारी पंच होऊन बसतात, आणि सगळे पंच धाकटीच्या बाजूनं निकाल देतात. रिक्षात कडेला कोण बसणार, स्कूटरवर पुढे कोण उभं राहणार, पाण्याची बाटली कुणाच्या गळ्यात, पैसे द्यायला नोट कुणाच्या हातात. थोरली नऊ वर्षांची, धाकटी सहाची. आधी जन्मल्याचं काहीतरी मानधन मिळायला हवं, असं थोरलीचं म्हणणं. उशिरा जन्मले यात माझा काय दोष, असं धाकटीचं. दोघींचंही बरोबर आहे, खरा घोळ तिथंच आहे.

बायकोनं यावर बारी लावून दिली. जाताना एकीची बारी, येताना दुसरीची. कागदावर हा तह उत्तम होता. पण येताना रात्र होते आणि जिची बारी असते तिला शनवारा दरवाज्याच्या अलीकडेच झोप लागते. झोपेत गेलेली बारी धरायची की नाही, हा खटला आमच्या घरात अजून चालू आहे आणि मी त्यात फक्त साक्षीदार आहे.

लोधीपुरा हा मात्र मुली हिंडवायला सोयीचा मोहल्ला. दर्गाह-ए-हकीमी इथंच. दाऊदी बोहरा मंडळी देशापरदेशातून इथं जियारतीला येतात, आणि बायकांच्या अंगावर रंगीबेरंगी रिदा असतात. संध्याकाळी फिरायला निघालो की दोघी एकेक रंग निवडतात आणि जिच्या रंगाच्या रिदा जास्त दिसतील ती जिंकते. गुलाबी बहुतेक वेळा जिंकतो, म्हणून गुलाबी आज कुणाचा यावर वेगळी बारी लागते. बडी संगत गुरुद्वाऱ्यात गेलं तर वेगळीच मजा. गुरू गोविंदसिंगजी 1708 साली नांदेडला जाताना बऱ्हाणपुरात थांबले होते, त्यांची स्वाक्षरी असलेली ग्रंथसाहिबाची प्रत तिथं जपलेली आहे. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी दोघी एकमेकींच्या ओंजळीत वाकून कडा प्रसादाचं माप घेत असतात. लंगरच्या पंगतीत राजा-रंक एका ओळीत बसतात. या दोघी एका ओळीत बसतात खऱ्या, पण मध्ये मला बसवून.

पुण्याहून पाहुणे आले की आमची सहल अधिकृत होते. पाहुण्यांना दोनच गोष्टी हव्या असतात. पुरुषांना संभाजी महाराजांनी 1681 मध्ये बऱ्हाणपूर लुटलं ती जागा पाहायची असते. बहादूरपुऱ्याचं नाव काढलं की त्यांची छाती फुगते आणि ते माझ्याकडे असं पाहतात, जणू लुटले गेलेले सावकार आमच्या चुलत्यांपैकीच होते. बायकांना मुमताज हवी असते. मग आमचा लवाजमा शाही किल्ल्याकडे निघतो.

किल्ल्याच्या दारात पहिली ठिणगी पडते. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. मला वाटलं होतं, चला, इथं तरी दोघींना समान वागणूक. पण मुलींना फुकट नको असतं, तिकीट हवं असतं, हातात धरायला. शून्याची वाटणी करूनही दोघी असमाधानी राहू शकतात, हे गणिताच्या पुस्तकात कुठं दिलेलं नाही.

आत हमामखाना आहे. छताच्या घुमटावर रंगीत नक्षी अजून टिकून आहे. मी गाईडचा आवाज लावतो. ‘‘याच बऱ्हाणपुरात 17 जून 1631 रोजी मुमताजमहल वारली. चौदाव्या बाळंतपणात.’’

‘‘चौदा?’’ थोरली थबकते. ‘‘मग खिडकीशी कोण बसायचं?’’

पुण्याच्या मावशी हळहळायच्या बेतात असतात, त्यांचा रुमाल हवेतच राहतो. मी सांगतो, चौदांपैकी सातच जगले. चार मुलगे, तीन मुली. थोरली बोटांवर काहीतरी मोजते आणि म्हणते, ‘‘सात पण खूप होतात.’’

आणि इथंच मला शहाजहानबद्दल कणव येते. ताजमहाल बांधायला पैसा लागतो, तो त्याच्याकडे होता. पण चार मुलग्यांत गादी कशी वाटायची, हे त्याला सुचलं नाही. तो आजारी पडला आणि चौघांची जुंपली. औरंगजेब मार्च 1658 मध्ये फौज घेऊन निघाला तो याच बऱ्हाणपुराहून. जहाँआरा दारा शुकोह या भावाच्या बाजूनं, रोशनआरा औरंगजेबाच्या बाजूनं, म्हणजे बहिणीसुद्धा दोन तंबूंत. माझं मत विचाराल तर मुमताज जगली असती तर तिनं बारी लावून दिली असती. दिल्ली चैत्र ते भाद्रपद तुझी, अश्विन ते फाल्गुन त्याची, आणि झोपेत गेलेले महिने धरायचे नाहीत. हे मत मी पाहुण्यांसमोर मांडलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘अहो, बाळंतपणं कमी केली असती तर एवढ्या बाऱ्या लावाव्याच लागल्या नसत्या.’’ इतिहासावर यापेक्षा मार्मिक टिप्पणी मी वाचलेली नाही.

किल्ल्यानंतर मावा जिलबी. ही बऱ्हाणपूरची खरी शान. मुंबईतले लोक रमजानच्या दिवसांत रांगा लावून खातात ती बऱ्हाणपुरी जिलबी हीच. मैद्याच्या केशरी, कुरकुरीत जिलबीशी हिचा नावापुरता संबंध. ही काळपट तपकिरी, खव्याची, जाडजूड आणि पाकानं जड झालेली. एक अख्खी जिलबी सहा वर्षांच्या पोटाला झेपत नाही, म्हणून दोघींत एक. शाळेत कुणीतरी थोरलीला शिकवलं आहे, एकीनं कापायचं, दुसरीनं निवडायचं. न्यायाची ही पद्धत बर्फीला लागू पडते, पेढ्यालाही पडेल. पण जिलबीला मध्य कुठं असतो? मधून कापावी तर आतलं वेटोळं एकीकडे जास्त जातं, आणि पाक आतल्या वेटोळ्यात जास्त मुरतो असा धाकटीचा सिद्धांत आहे. थोरली कापते, धाकटी दोन्ही तुकडे उचलून वजन अजमावते, थोरली ओरडते, हात लावलास म्हणजे निवडलंस. शेवटी हलवाई कनवाळूपणे धाकटीच्या पुड्यात एक बारका तुकडा टाकतो. त्याला वाटतं, भांडण मिटवलं. शहाजहानलाही दाराला जवळ ठेवताना असंच वाटलं असणार.

पाहुण्यांना दराबा या मिठाईचे डबे बांधून दिले की ते समाधानानं स्टेशनकडे जातात. आम्ही उरतो.

आमच्या स्वतःच्या सहली साध्या. कुंडी भंडाऱ्याला जायचं, लिफ्टनं सुमारे 80 फूट खाली उतरायचं आणि सातपुड्यातून झिरपत येणारं पाणी भुयारातून आपल्या आपण गावाकडे वाहताना बघायचं. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 साली हे काम झालं. ना पंप ना मोटर, फक्त जमिनीचा उतार. युनेस्कोच्या संभाव्य यादीत 2024 साली त्याचं नाव गेलं. थोरलीला पाणी फार आवडतं. धाकटीला लिफ्टचं बटण.

किंवा असीरगड, खंडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटर. अकबराला तो घ्यायला 1601 साल उजाडलं, आम्हाला चढायला त्याहून थोडा कमी वेळ लागतो. वरच्या महादेवाला अश्वत्थामा रोज पहाटे फूल वाहून जातो, अशी सगळ्या पंचक्रोशीची श्रद्धा. कपाळावरची जखम भळभळत तो युगानुयुगं फिरतो आहे, हे ऐकून मोठी माणसं शहारतात. धाकटीनं विचारलं, ‘‘त्याला बहीण नाही का?’’ नाही, द्रोणाचार्यांचा एकुलता एक. ‘‘म्हणून,’’ ती म्हणाली आणि पुढे चालू लागली. मागून थोरलीनं पहिल्यांदाच तिला न मागता कडेचा रस्ता दिला.

सणवारांत वाटणीचं शास्त्र आणखी सूक्ष्म होतं. वाढदिवस एकीचा असला तरी फ्रॉक दोन येतात, सुरीवर हात दोघींचे, आणि फोटो बघून वाढदिवस नेमका कुणाचा होता हे मलासुद्धा मागची तारीख पाहून ठरवावं लागतं. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. संध्याकाळी टिपऱ्या, गाणी, आणि मग खाऊचा बंद डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. बायको डब्यात काय भरते हे थोरली ओट्याआडून बघून ठेवते, आणि धाकटी थोरलीच्या चेहऱ्यावरून ओळखते. गल्लीतल्या बाकीच्या मुली चिवडा, चिवडा म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत असतात आणि आमची धाकटी शांतपणे ‘‘राजगिऱ्याचे लाडू’’ म्हणून मोकळी होते.

यंदा आषाढ शुद्ध सप्तमीला आम्ही राजघाटावर गेलो. तापीचा वाढदिवस असतो त्या दिवशी. घाटावर ही गर्दी, पूजा, आरत्या, नदीला चुनरी. पाण्यातला दगडी हत्ती नेहमीसारखा पाठ दाखवून उभा. धाकटीला नदीचं वय हवं होतं, म्हणजे मेणबत्त्यांचा हिशोब लागतो. आजीनं सांगितलं, वयाचं राहू दे, पण तापी सूर्याची लेक, आणि यमुना तिची बहीण.

‘‘मोठी कोण?’’ दोघींनी एकदम विचारलं.

‘‘यमुना.’’

थोरलीच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी त्याच वेळी पलीकडच्या काठाकडे हात करून, जैनाबादेच्या आहूखान्यात मुमताजला आधी पुरलं होतं, सहाएक महिन्यांनी, डिसेंबर 1631 मध्ये, तिला आग्र्याला नेलं, हे सांगून बसलो. आग्रा कुठल्या नदीवर, हे थोरलीला शाळेत शिकवलं होतं.

धाकटी जागची हलेना. ‘‘म्हणजे आधी तापीकडे होती. मग यमुनेनं घेतली. आणि ताजमहाल पण तिलाच?’’

‘‘हो.’’

‘‘सहा महिने तापीची बारी झाली. मग सहा महिने यमुनेची. मग परत का नाही दिली?’’

‘‘मोठी आहे ती,’’ थोरली म्हणाली.

घाटावरची आरती चालू होती. पण आमच्या पायरीवरचा आवाज तिच्याही वर गेला. आसपासच्या बायका वळून बघू लागल्या, एका आजोबांनी काय झालं ते विचारलं, आणि सगळं ऐकून घेऊन, अपेक्षेप्रमाणे, धाकटीच्या बाजूनं निकाल दिला. बायकोनं पिशवीतून टॉवेल काढला आणि म्हणाली, ‘‘यमुनेचं मागाहून बघू. आधी पाय पुसा.’’

टॉवेल एकच होता.